काकू आणि मुनीम: फॉस्टरिंगच्या नोंदी

४ जानेवारी

बेघर मांजरांना घर शोधून देणाऱ्या संस्थेच्या गाडीतून आज दोन कॅरिअर उतरले. घर मिळेपर्यंत दोघं माझ्याकडे. एकात मांजरी, एकात बोका, दोन्ही वयाने मोठी. पिल्लं दत्तक घ्यायला फोन आपोआप येतात, मोठ्यांसाठी मला करावे लागतात. तरी मी मोठीच घेते. पिल्लू पुढे कसं निघेल हे कोणालाच सांगता येत नाही, मोठं मांजर मात्र आहे तसं समोर असतं. ते नीट बघावं लागतं, एवढंच.

मांजरी घरात वाढलेली. सांभाळणाऱ्या आजी गेल्या, नातेवाइकांनी घर रिकामं केलं आणि हिला संस्थेत आणून सोडलं. तिचं नाव काय होतं ते कोणी विचारून ठेवलं नाही. काळ्या-केशरी ठिपक्यांची, गोल. कॅरिअरमधून बाहेर न येता तिने खोलीवर अशी नजर फिरवली की कपाटावरची धूळ मला पहिल्यांदा दिसली. नाव: काकू.

बोका रस्त्यावरचा. गाल फुगलेले, मान जाड, डाव्या कानाचा लचका गेलेला. ही नसबंदीची खूण नव्हे. नसबंदी झालेल्या भटक्या मांजराच्या कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं असतं. याचा कान कोणीतरी दातांनी फाडलाय. मुताचा वास दाराबाहेरून येतो. बाहेर आल्या आल्या वाडगा, शी-शूचा ट्रे, खिडकी, दार, परत वाडगा, असा क्रमाने ताळेबंद तपासून झाला. नाव: मुनीम.

वजन: काकू ४.९ किलो, मुनीम ४.१.

दोघांना दोन खोल्या, १४ दिवस दारं बंद. वाडगे, ट्रे, स्कूप सगळं वेगळं. आधी काकूकडे जायचं, मग मुनीमकडे, बाहेर आल्यावर हात धुवून कपडे बदलायचे. कंटाळवाणा सोपस्कार आहे, पण पॅनल्युकोपेनियाचा (मांजरांच्या एका जीवघेण्या साथीच्या आजाराचा) विषाणू खोलीत वर्षभरसुद्धा तग धरतो. फिनेलचा उपयोग नाही, उलट ते मांजरांना विषारी. त्यापेक्षा ब्लीच, १ भागाला ३२ भाग पाणी.

५ जानेवारी

मुनीमने रात्रीत दोन वाडगे साफ केले. काकूने तोंड लावलं नाही. ती पुठ्ठ्याच्या खोक्यात, भिंतीकडे तोंड करून.

खोकं मुद्दाम ठेवलेलं आहे. घरी येणारे विचारतात, "लपू दिलं तर ती माणसाळणार कधी?" होतं उलटंच. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांवर हे तपासलं होतं, २०१४ साली निकाल छापून आला. ज्यांना लपायला खोकं दिलं होतं त्यांचा ताण पहिल्या काही दिवसांतच इतरांपेक्षा स्पष्ट कमी झाला. म्हणून खोक्यातून ओढून काढायचं नाही, खोक्यासमोर बसून मोठ्याने काहीतरी वाचायचं. मी विजेच्या बिलामागची बारीक अक्षरातली माहिती वाचली. तिचा एक कान माझ्या बाजूला फिरला.

६ जानेवारी

अजून उपाशी. दुसरा दिवस.

मांजराच्या बाबतीत "भूक लागली की खाईल" हे चालत नाही. त्यातून जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगावरची चरबी यकृतात जाऊन साठते आणि ते दुखणं जिवावर बेततं. संध्याकाळी डॉक्टरांना फोन करून ठेवला: सकाळपर्यंत खाल्लं नाही तर घेऊन येते. ओलं अन्न कोमट करून, वास सुटेल असं, खोक्याच्या तोंडाशी ठेवलं आणि बाहेर आले.

रात्री दोन वाजता दाराला कान लावून बसले होते. आधी नुसती शांतता. मग एक चाट. मग बराच वेळ काही नाही. मग वाडगा फरशीवरून सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकल्याचा आवाज. मी तिथेच, अंधारात, सॉक्स घातलेल्या पायांनी नाचले.

७ जानेवारी

सकाळी वाडगा चकचकीत. ट्रेमध्ये दोन्ही कामं झालेली.

खोक्यात पाठमोरी बसलेली असताना नीट बघता आलं. पाठीच्या खालच्या भागावर, शेपटीच्या वर, केसांच्या तीन-चार गाठी. बाकी अंग स्वच्छ. जाड आहे, वय झालंय, जीभ पोचत नसेल. नंतर सोडवू.

९ जानेवारी

डॉक्टरांकडे दोघंही.

काकू: दातांवरच्या किटणावरून आणि डोळ्यांवरून ९-१० वर्षांची असावी. मोठ्या मांजराचं वय म्हणजे अंदाजच. नसबंदी झालेली, मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप) नाही, ती आज बसवली. रक्ताच्या दोन्ही चाचण्या (ल्युकेमियाचा विषाणू आणि एफआयव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू) निगेटिव्ह, मूत्रपिंडं ठीक. लसी दिल्या.

मुनीम: ४-५ वर्षांचा. ल्युकेमियाच्या विषाणूची चाचणी निगेटिव्ह, एफआयव्ही पॉझिटिव्ह. मारामाऱ्या करणाऱ्या बोक्यांत हे बऱ्याचदा निघतं, कारण एफआयव्ही मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो. एका वाडग्यात खाल्ल्याने सहसा नाही. अशी मांजरं कित्येक वर्षं धडधाकट जगतात, फक्त त्यांना घरात ठेवायचं आणि बारीकसारीक आजारही अंगावर काढायचा नाही. मला हे पाठ आहे. तरी डॉक्टरांनी पट्टीवरची दुसरी रेघ दाखवली तेव्हा पोटात खड्डा पडला. तो पडतोच.

११ जानेवारी

काकू खोक्यातून बाहेर! खिडकीजवळच्या खुर्चीवर बसते. थेट उडी मारत नाही. आधी खोक्यावर, तिथे थोडा विचार, मग खुर्चीवर. विचारी बाई आहे.

१४ जानेवारी

मुनीमची नसबंदी. संध्याकाळी घरी आला, झिंगलेला, तरीही ताळेबंद तपासलाच. महिनाभर तरी मांजरीजवळ सोडायचा नाही. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे बोका पिल्लं देऊ शकतो हे पुष्कळांना माहीत नसतं.

१६ जानेवारी

डोळ्यांचा खेळ. काकूकडे बघत डोळे हळूच अर्धे मिटायचे, क्षणभर थांबायचं, उघडायचे. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये हे मोजून दाखवलं: माणसाने असं केलं की मांजरंही डोळे बारीक करून उत्तर देतात आणि अनोळखी हाताच्या जवळ यायला जास्त तयार होतात. काकूने चौथ्या वेळी उत्तर दिलं. आठव्या वेळी उठून आली, माझ्या गुडघ्याला गाल घासला आणि लगेच खुर्चीकडे परत गेली, जणू काही झालंच नाही.

१८ जानेवारी

काकूची लघवी ट्रेच्या बाहेर, अगदी काठाला लागून. लघवी तपासून आणली, संसर्ग नाही, खडे नाहीत. ट्रे बदलल्यामुळे असेल. (जुना तडकला म्हणून परवा नवा आणला, खोल आहे, माती सांडत नाही.)

२१ जानेवारी

विलगीकरण संपलं. काकू आता मांडीवर बसते, गुरगुरते, पीठ मळल्यासारखे पंजे चालवते. आज डोक्यापासून शेपटीपर्यंत हात फिरवत होते. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा शेपटीचं टोक हललं, पाठीची कातडी थरथरली आणि तिने वळून मनगटात दात रोवले. मग उतरून शांतपणे अंग चाटायला बसली.

वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुतलं, घड्याळ लावून. मग डॉक्टरांकडे, यावेळी माणसांच्या. मांजराचा चावा वरून टाचणीएवढा दिसतो, आत मात्र खोल जातो आणि बऱ्याचदा चिघळतो. त्यात रेबीजचा प्रश्न असतोच, मग मांजर घरचं असो वा लस झालेलं.

जास्त कुरवाळलं की काही मांजरं चावतात. स्वभाव. मीच खूण ओळखायला हवी होती.

२५ जानेवारी

काकूची जाहिरात लिहिली. "घरात वाढलेली, शांत, प्रेमळ मांजरी. हक्काने मांडीवर येऊन बसते. ट्रेची सवय. तुमच्या घराची वाट बघतेय." फोटो खिडकीतल्या उन्हातला. एका दिवसात सात फोन. मोठ्या मांजरासाठी सात!

चाव्याचं लिहिलं नाही. भेटीत सांगू.

३० जानेवारी

काकू गेली. नवरा-बायको, सात वर्षांची मुलगी. घर बघून आले, खिडक्यांना जाळ्या, माणसं चांगली. मुलगी काकूसमोर फरशीवर पालथी पडून बोलत होती. चाव्याचं मी सांगितलं, असं सांगितलं: "कधीकधी मूड नसला तर जरा तोंड मारते." ते हसले. मीही हसले.

२ फेब्रुवारी

मुनीमच्या खोलीतला वास जवळजवळ गेला. त्याच्यासाठी तीन फोन आले, तिन्हींत पहिला प्रश्न: "आम्हाला होईल का ते?" नाही. एफआयव्ही १९८६ साली सापडला, तो फक्त मांजरांना होतो. दुसरा प्रश्न विचारायला कोणी थांबत नाही.

८ फेब्रुवारी

काकू परत आली. नऊ दिवसांत.

मुलीला दोनदा चावली. पहिल्यांदा त्यांनी धकवून नेलं. दुसऱ्यांदा काकू सोफ्यावर झोपलेली असताना मुलीने मागून उचललं, तळहातावर दोन खोल भोकं, डॉक्टर, इंजेक्शनं. कॅरिअर आईने आणून दिलं. चिडलेली नव्हती, चिडली असती तर सोपं गेलं असतं.

"ताई, तुम्हाला माहीत होतं का?"

"हो."

"मग एवढंच सांगायचं होतं. मी लेकीला सांगितलं असतं की पाठीला हात लावू नकोस. ती ऐकते हो."

मी दारात उभी. जाहिरातीत खोटं एक अक्षर नव्हतं. मांडीवर बसते, खरंच बसते. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे डोळे मी मिटले होते, मांजराने नव्हे. दात मात्र लहान मुलीच्या हातात गेले. दोन दिवसांनी तिचा हात कसा आहे ते विचारायला फोन करायचा आहे. करायचाच आहे.

काकू सरळ खोक्यात, भिंतीकडे तोंड.

९ फेब्रुवारी

झोप नाही. ही वही पहिल्या पानापासून वाचली.

७ जानेवारी: पाठीच्या खालच्या भागावर गाठी, जीभ पोचत नसेल. ११ जानेवारी: थेट उडी मारत नाही. १८ जानेवारी: खोल ट्रे आणल्यावर लघवी बाहेर. २१ जानेवारी: हात शेपटीजवळ गेल्यावर चावली. आणि काल, मागून उचलल्यावर.

चारही नोंदी माझ्या अक्षरात. प्रत्येकीपुढे मी लगेच कारण लिहून टाकलंय: वय, विचारी बाई, नवा ट्रे, स्वभाव. नुसतं पाहिलेलं लिहिलं असतं तर महिन्यापूर्वीच कळलं असतं. तिची पाठ दुखतेय.

यापुढे वहीत दोन रकाने. डावीकडे जे दिसलं ते. उजवीकडे मला वाटलं ते, आणि तेही आठवड्यानंतर.

११ फेब्रुवारी

एक्स-रे. दोन्ही खुब्यांच्या सांध्यांची झीज, डावा जास्त, कण्याच्या खालच्या मणक्यांतही. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं: निरोगी सांध्याची कड गुळगुळीत असते, हिची ओबडधोबड. ते म्हणाले, नवल नाही. २००२ मध्ये १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले होते, ९० जणांत सांध्यांची झीज निघाली. कुत्रा लंगडतो म्हणून दिसतं. मांजर सहसा लंगडत नाही, उड्या मारायचं कमी करतं, आणि आपण म्हणतो शांत झालं.

"शांत." माझ्या जाहिरातीतला पहिला गुण.

औषध सुरू. डॉक्टरांनी न विचारताच बजावलं की घरातली वेदनाशामक गोळी चतकोरसुद्धा द्यायची नाही. पॅरासिटामॉल मांजराचं यकृत नीट पचवूच शकत नाही, एक गोळी जीव घेऊ शकते. वजनही उतरवायचं, पण अगदी सावकाश.

घरी: खोल ट्रे बाद, एका बाजूने काठ कापलेला, ५ सेंटिमीटर. खुर्चीपाशी पायरी. गुळगुळीत फरशीवर रबराची चटई. गाठी डॉक्टरांकडेच मशीनने काढल्या. कात्रीने घरी काढायच्या नाहीत, मांजराची कातडी कागदासारखी असते आणि गाठीबरोबर वर येते.

१५ फेब्रुवारी

मुलीच्या आईला फोन केला. हात बरा आहे. एक्स-रेचं सांगितलं. मागून मुलीचा आवाज आला, "म्हणजे तिला दुखत होतं?" आई म्हणाली, थांब, मी देते हिच्याकडे फोन. पंधरा मिनिटं सांध्यांवर चर्चा झाली. खुबा म्हणजे काय हे स्वतःच्या अंगावर शोधून झाल्यावरच तिने फोन ठेवला.

२२ फेब्रुवारी

मुनीमला घर मिळालं, ध्यानीमनी नसताना. एकटा राहणारा मुलगा, दुसरं मांजर नाही, आणायचा विचारही नाही. दुसरा प्रश्न विचारणारा हा पहिलाच: "मग त्याच्यासाठी मी काय काय करायचं?" मुनीमने त्याची पिशवी, बूट, हेल्मेट तपासलं आणि हेल्मेटमध्ये बसला. मावला नाही, तरी बसला. कागदपत्रं करताना त्याला एफआयव्हीचं पुन्हा, सावकाश, सगळं सांगितलं. म्हणाला, "तुम्ही तिसऱ्यांदा सांगताय." सांगणारच.

२७ फेब्रुवारी

औषधाचे १६ दिवस. डावा रकाना: ११ तारखेपासून लघवी एकदाही बाहेर नाही. खुर्चीवर पायरी न वापरता दोनदा चढली. आज सकाळी उन्हात बसून पाठीवर मान वळवून चाटलं, शेपटीच्या वरपर्यंत जीभ पोचली. मशीन फिरवलेल्या जागी मखमलीसारखे बारीक केस, ते ती एकाच दिशेने लावत होती, परत परत.

हात लावण्याची पद्धत ठरवली. बोट नाकापुढे धरायचं. तिने गाल घासला तर गाल, हनुवटी, कानामागे, तीन-चार सेकंद, मग थांबायचं. तिने परत मागितलं तर परत. खांद्यांच्या मागे नाही. या पद्धतीने पाच दिवस, दात एकदाही नाही.

१ मार्च

नवी जाहिरात. कच्चा खर्डा इथे ठेवते:

"काकू, वय साधारण १०, वजन ४.८. दोन्ही खुबे आणि कंबर दुखते, औषध कायमचं चालू, ओल्या अन्नात खाते. पाठीला हात लावला तर चावते. मागून उचललं तर नक्की चावते. आमच्या चुकीमुळे एका घरातून परत आली आहे. लहान मुलं, कुत्रा, दुसरं मांजर नको. ट्रेला बुटका काठ लागतो. मनात आलं की मांडीवर येते, मग तासभर हलायची सोय नाही. गालाला हात लावलेला आवडतो. वाचून दाखवलेलं ऐकते, विषय कोणताही."

संस्थेतल्या ताईंनी वाचून विचारलं, "अगं, द्यायचीये ना तिला?"

६ मार्च

पाच दिवसांत दोन फोन. पहिल्याने विचारलं पिल्लू आहे का. दुसरा एका काकांचा. नमस्कार झाल्यावर लगेच: "काठ बुटका म्हणजे किती सेंटिमीटर?"

मी खुर्ची ओढून बसले.

१४ मार्च

सोडून आले. काकांनी पहिल्या आठवड्यासाठी एकच खोली ठेवलीय, तिथे ट्रे, पायरी, आडवं ठेवलेलं खोकं. मी सोबत नेलं ते: तिचं न धुतलेलं अंथरूण, जुन्या ट्रेमधली मूठभर माती, इथलंच अन्न (बदलायचं तर आठ-दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत), औषध, एक्स-रे, लसींची वही, चिपच्या नोंदीत काकांचं नाव-फोन घालण्याचा अर्ज, या वहीची प्रत. चाव्यासकट, ३० जानेवारीसकट.

करारातलं एक कलम त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं: जमलं नाही तर मांजर कधीही, कारण न देता माझ्याकडे परत. काका म्हणाले, कारण मी देईन, लिहून.

काकू खोक्यात गेली. तोंड भिंतीकडे नव्हतं.

१७ मार्च

तीन दिवसांचा फोन. रात्री खाते, दिवसा लपते. ठीक.

४ एप्रिल

तीन आठवडे. खोलीचं दार उघडं आहे, ती हवं तेव्हा बाहेर येते. काका तिला सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवतात. निधनवार्ता सोडून, म्हणाले.

१५ जून

तीन महिन्यांचा फोन करायच्या आधीच त्यांच्याकडून पाकीट आलं. माझ्या वहीची पुढची पानं, हाताने रेघा मारून, दोन रकाने. वजन ४.४. खिडकीची कड ७० सेंटिमीटर, पायरीवरून दोन टप्प्यांत चढते. औषध रोज सकाळी आठला. उजवा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा.

शेवटची नोंद, ११ जून. डावीकडे: "झोपेत असताना चुकून पाठीला हात लागला. तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. चावली नाही." उजवीकडे: "पुन्हा लावणार नाही."